दुधाच्या दातांची कोकरं

पुनर्जन्माच्या गप्पा निघाल्या की मी सरळ उठून जातो. आयुष्यभर पोरांना गणित शिकवलं... पुरावा असेल तर बोला, नाहीतर चहा प्या, हा आपला खाक्या. तरीही हे लिहितोय, कारण माझी धाकटी बहीण गोदा परवा गेली आणि आता गप्प बसवत नाही. (नावं बदलली आहेत.)

निझामाचा अंमल होता. कळमनुरीच्या शाळेत मी नुकताच मास्तर लागलो होतो. गोदाचं सासर तिथून जवळच, कयाधूच्या काठी. दोन लेकरं दगावल्यावर झालेली सहा वर्षांची सगुणा, हाच तिचा सगळा जीव. सुगी सरली की खतासाठी तिच्या रानात म्हाताऱ्या धोंडाई धनगरणीची मेंढरं बसायची. त्या वर्षी सगुणानं गळ्यावर बोटं आपटत एक थरथरती हाळी घातली आणि म्हातारीच्या हातातली भाकरी गळून पडली. तिची लेक साळू मेंढरांना अगदी तशीच बोलवायची. ती सगुणाच्या जन्माआधीच कयाधूच्या पुरात वाहून गेली होती... तिच्या कोकरांसकट.

"ही माही साळूच व्हय. मी नेते हिला," धोंडाई हटूनच बसली. पोरगीही तिच्याच पालावर जेवू लागली. गोदाच्या हातचा घास नको म्हणे!

गोदा रडत माझ्याकडे आली. "दादा, ती माही सगुणा हाय. तू एवढा शिकला, दाखवून दे त्या म्हातारीला."

मी पालावर जाऊन म्हटलं, साधं गणित आहे, पोरीनं ती हाळी कुठंतरी ऐकली असणार. धोंडाईनं मान हलवली. "न्हाई मास्तर. साळू गेल्यापासून ती हाळी मी कुणाला घालू दिली न्हाई."

"मग परीक्षा घेऊ. हाळीला मेंढरं आली तर पोरगी तुमची. नाही आली तर पुन्हा नाव काढायचं नाही."

गोदानं माझा हात ओढला. पण मला खात्री होती, कारण मी लबाडी केली होती. म्हाताऱ्या मेंढ्यांना हाळी आठवेल म्हणून त्या मी वगळल्या. एकेकीचं तोंड उघडून पाहिलं आणि फक्त दुधाच्या दातांची कोकरं वेगळी काढली. त्या हाळीवर ती जन्मात कधी चाललेली नव्हती... म्हणजे ती येणं शक्यच नव्हतं.

भर दुपार. कोकरं वर गवतात चरत होती. सगुणाला मी खाली कयाधूच्या डोहाच्या कडेला उभं केलं. तिनं हाळी घातली.

सगळ्या कोकरांनी एकदमच माना वर केल्या. ओरडणं नाही, पळापळ नाही. शांतपणे चालत आली आणि तिच्याभोवती उभी राहिली. मग सगुणा वळली आणि डोहात उतरू लागली. कोकरं तिच्या मागोमाग. मेंढरू पाण्याला किती भितं, ते पाळणाऱ्याला विचारा!

"सगुणा!" गोदा किंचाळली. पोर गुडघाभर पाण्यात. "सगुणा, मागं फीर गं!" पोर कमरेएवढ्या पाण्यात. धोंडाईनं तोंडावर पदर दाबला. आणि माझे पाय हलेनात — हे लिहितानाही लाज वाटते.

पाणी गळ्याशी आलं तेव्हा गोदानं जिवाच्या आकांतानं हाक मारली —

"साळू! साळे, माघारी ये!"

पोर थांबली. वळली. चालत बाहेर आली, आणि तिच्यामागून एकेक कोकरू.

धोंडाईनं त्याच संध्याकाळी पाल उचललं. "तुमच्या हाकेला वळली, तुमचीच हाय, ठेवा," एवढंच म्हणाली आणि रिकाम्या हातानं गेली. पुन्हा त्या रानात तिची मेंढरं बसली नाहीत. सगुणानं ती हाळी परत कधी घातली नाही. तिला त्यातलं काहीच आठवत नाही.

मी अजून ताळा जमवतो. पोरगी साळू असेल, तर मग ती कोकरं कोण होती? आणि सगळं थोतांड असेल, तर ती हाळीला आलीच काहून? कोकरं लेकरामागं जातात, पोर आईच्या भेदरलेल्या आवाजानं वळली असेल... असं मांडतो आणि पुसून टाकतो.

गोदा जायच्या आदल्या दिवशी मी तिच्याजवळ बसलो होतो. तिनं माझा हात धरून हळूच विचारलं, "दादा, मी हाक साळूला मारली अन् ती आली. मग माही सगुणा कुठं राह्यली रे?"

सगुणा तिथंच बसून तिचे पाय चेपत होती.