भुसावळला उतरलो नाही

खानदेशातली ती फेरी मी आजवर अनेकांना सांगितली, पण नेहमी पिंपळनेरपर्यंतच. आज परतीचा प्रवासही सांगतो.

ऐंशीचे दशक सरत आले होते. दिवाळी आटोपल्यावर मी नागपूरहून जळगावला उतरलो. स्टेशनबाहेर केळीच्या घडांनी भरलेले ट्रक उभे होते आणि हवेत कच्च्या केळ्यांचा चिकट वास होता. सरकारी दवाखान्यांत अपघात विभाग सांभाळणाऱ्या तरुण डॉक्टरांना मी शिकवायला आलो होतो. तापात बेशुद्ध होऊन आलेल्या माणसाचा मलेरिया मेंदूत गेला आहे हे कसे ओळखावे, त्याला शिरेतून क्विनीन कसे द्यावे, एवढाच विषय. डोंगराकडच्या गावांतून असे रोगी बैलगाडीत घालून आणले जात होते.

जळगाव आणि धुळे, दोन्ही जिल्ह्यांतले डॉक्टर जमले होते. शेवटी जळगावच्याच डॉ. चौधरींनी विचारले, "सर, क्विनीन ग्लुकोजच्या बाटलीतून द्यायचं म्हणालात. आमच्याकडे ती नेहमी संपलेली असते."

बाहेर भरीत आणि कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी वाढून ठेवली होती. वास आत येत होता. मी म्हणालो, "मग साध्या सलाईनमधून द्या. औषध क्विनीन आहे, पाणी नव्हे!"

सगळे हसले. भरीत झणझणीत होते, मी दोनदा घेतले.

दुसऱ्या दिवशी एसटीने धुळ्याला आणि तिथून जीपने पिंपळनेरला निघालो. साक्री मागे पडली तसे डोंगर जवळ आले. पांझरा नदीच्या कडेची डबकी अजून आटली नव्हती. ड्रायव्हर म्हणाला, "इकडं सगळ्या घरांत ताप शे, साहेब. तुम्ही मच्छरदाणी आणली ना?" मी हसलो, पण बाह्या खाली ओढून घेतल्या.

पिंपळनेरचे डॉ. बागूल जळगावच्या वर्गात पहिल्या बाकावर बसले होते. दवाखान्याच्या पायरीवरच त्यांनी मला धरले. चेहरा उतरला होता.

"सर, सात महिन्यांची गरोदर बाई आहे. काल बेशुद्ध आली, क्विनीन लावलं. सकाळी डोळे उघडून सासूशी बोलली. आणि आता पुन्हा शुद्ध गेली."

बाई खाटेवर निपचित पडली होती. अंग भट्टीसारखे असेल म्हणून मी कपाळावर हात ठेवला, तर ते गार होते आणि घामाने निथळत होते.

"मलेरिया उलटलाय. क्विनीन वाढवा," मी म्हणालो.

पायाशी बसलेली सासू एकदम बोलली, "दोन दिन व्हयनात, हिना पोटमा काहीच नही. सकायले (सकाळी) भूक लागनी म्हने, घासभर खादं तेबी ओकी टाकं. आते आखो (आता आणखी) कितला दवा देतस?"

"अक्का, थांबा जरा," बागूल म्हणाले. मग माझ्याकडे वळून, थोड्या अभिमानानेच, "ग्लुकोज नव्हतं सर. तुम्ही सांगितलंत तसं साध्या सलाईनमधूनच लावलं."

तेव्हा मला उमगले. क्विनीन रक्तातली साखर खाली आणते, गरोदर बाईची तर फारच. पोट रिकामे, बाटलीत साखर नाही, आणि मी तिचे क्विनीन वाढवायला निघालो होतो.

"ग्लुकोज! कुठूनही आणा!"

साखर मोजायचे साधन तिथे नव्हते. बागूल बाजारपेठेतल्या औषधाच्या दुकानाकडे धावले. ते येईपर्यंत मी तिचे मनगट धरून बसलो.  सासू पुन्हा पुन्हा विचारत होती, "पोर वाची ना, भाऊ?" मी दाराकडे बघत होतो.

शिरेत ग्लुकोज गेले. बाईने मान हलवली, डोळे उघडले आणि सासूला म्हणाली, "पानी."

बागूल माझ्या पाया पडायला वाकले. सासूने ओंजळभर भुईमुगाच्या शेंगा माझ्या खिशात कोंबल्या. मी त्या घेतल्या.

ही गोष्ट मी इथेच संपवत आलो.

परतीच्या एसटीत मला माझेच सलाईनचे वाक्य आठवत राहिले. जळगावच्या वर्गातले सगळे आपापल्या दवाखान्यांत परतले होते. स्टेशनवर डॉ. चौधरी भेटतील तेव्हा चूक सांगायची, सगळ्यांना निरोप पाठवायला लावायचे, हे मी वाक्यावाक्याने ठरवले.

फलाटावर डॉ. चौधरी हजर होते, केळी आणि भरताची वांगी घेऊन. मी तोंड उघडले तोच ते म्हणाले, "सर, तुमचं वाक्य आम्ही वॉर्डाच्या भिंतीवर लिहिलंय. औषध क्विनीन आहे, पाणी नव्हे! सगळ्या तालुक्यांना फोनसुद्धा केले."

ते इतके खूश होते. मी म्हणालो, "वा."

गाडी आली, मी चढलो.

भुसावळ फार लांब नाही, आणि तिथे गाडी बराच वेळ थांबते. फलाटावर उतरून स्टेशनमास्तरकडे फोन मागायचा आणि जळगावच्या दवाखान्यात कळवायचे, एवढेच होते. मी दारापर्यंत गेलोही. मग मनात आले, ज्याने शिकवले तोच चुकला हे कळल्यावर पुढच्या वेळी मला शिकवायला कोण बोलावील? मी परत जागेवर येऊन बसलो. खिशातल्या शेंगा एकेक करून फोडत राहिलो, आणि गाडी हलली.

त्या हंगामात त्या भिंतीखाली किती बायका निजवल्या गेल्या, मला माहीत नाही. मी कधी विचारले नाही. उत्तर मिळेल याची भीती वाटत होती, आणि ती अजून वाटते.