आखाजीच्या घाईत रंगवलेल्या टाक्या

नोकरीत प्रेतं पुष्कळ पाहिली, पण भीती कशाची वाटली असं कोणी विचारलं तर मला फायबरची एक निळी कोरी टाकी आठवते.

तेव्हा मी जळगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या ठाण्याचा प्रभारी होतो. एका कारखान्यात ॲसिडची नवी टाकी फुटली आणि खाली उभा असलेला भुसावळकडचा एक तरुण कामगार होरपळून मेला. पंचनामा झाला, अकस्मात मृत्यूची नोंद झाली. टाकी बनवणारा मालक म्हणाला, "आमचा माल तपासूनच बाहेर पडतो. त्यांनीच नीट वापरली नसेल."

दोन दिवसांनी टाकी वाहून नेणारा टेम्पोवाला आपणहून ठाण्यात आला. मान खाली घालून म्हणाला, "साहेब, आखाजीच्या आदल्या दिवशी मी ती टेम्पोत चढवली. रंग ओलाच होता, हाताला लागला."

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खान्देशात कारखाना चालत नाही. लेकीबाळी माहेरी येतात, कारागीर गावाला पळतात. गिऱ्हाइकाला मात्र नवी टाकी त्याच मुहूर्तावर बसवून हवी असते. फायबरची टाकी म्हणजे काचेच्या धाग्यांचे थर, राळेने एकमेकांना चिकटवलेले. रंग देण्याआधी आत दिवा सोडून बाहेरून पाहतात. थरांत हवा अडकली असली की पांढुरके डाग दिसतात. एकदा रंग चढला की दिवा लावून उपयोग नाही.

ही तपासणी करणारा टाकीवाल्याचा सुपरवायझर जवळच्या असोदा गावचा. ताप आला म्हणून घरीच होता. त्याची आई दारात आडवी आली, "त्याले अन्न गोड लागत नही साहेब, त्याले नका नेऊ." आम्ही त्याला आणला.

चौकशीत माणूस काय सांगतो यापेक्षा काय विचारतो याकडे मी लक्ष द्यायचो. गुन्हा केलेला माणूस जामिनाचं विचारतो, नाहीतर वकिलाचं. हा पठ्ठ्या चहाला हात न लावता एकच विचारत होता, "साहेब, फुटली तेव्हा टाकी किती भरली होती?"

"काठोकाठ. पहिल्यांदाच भरली होती."

त्याचा चेहरा पांढरा पडला. फुटून गेलेल्या टाकीची एवढी काळजी कोणी करत नाही; तशीच आणखी एक कुठेतरी भरत असणार. मी हवालदाराला बाहेर पाठवलं आणि खुर्ची त्याच्याजवळ ओढली. "दुसरी कुठे आहे?"

तो ढसाढसा रडायला लागला. त्या दिवशी उन्हाने राळ बादलीतच घट्ट होत होती, थरांतली हवा निघत नव्हती. मालक म्हणाला, रंग मारा, मुहूर्त चुकवू नका. याने दिवा न लावताच दोन टाक्या पास केल्या. दुसरी धुळ्याजवळच्या एका कारखान्यात गेली होती. तिथे ती अजून अर्धीच भरतात, असं त्याने ऐकलं होतं.

मी तिथे फोन लावला. मॅनेजर हसला. "साहेब, टाकी नवी कोरी आहे. सकाळीच टँकर रिकामा केला, फुल्ल आहे." माणसं लांब करा म्हटलं, तर बघतो म्हणाला. धुळ्याच्या ठाण्याला कळवलं आणि सुपरवायझरला गाडीत घालून निघालो.

पोचलो तर धुळ्याचा एक हवालदार फाटकापाशी मॅनेजरशी हुज्जत घालत होता, आणि आत टाकीच्या सावलीत कामावरच्या बाया जेवायला बसल्या होत्या. ओरडायचं धाडस झालं नाही. जवळ जाऊन हळूच म्हणालो, "बायांनो, डबे उचला आणि फाटकाबाहेर चला."

त्यांच्यातली वयस्कर अक्का वैतागली. "आठेच सावली शे, सायेब. बठ्ठ्या जणी ऊनमा कोठे जाऊत?"

"अक्का, पाया पडतो, चला."

पोलीस पाया पडतो म्हटल्यावर त्या उठल्या.

सुपरवायझर टाकीवर नाणं वाजवत गेला. वर आवाज खणखणीत, पण बुडाशी आला तसा बद्द होत गेला. तिथे रंगावर केसाएवढी भेग होती आणि ती ओली होती. "साहेब, थर सुटलेत," एवढंच म्हणून तो मागे सरकला. पंप लावून टाकी रिकामी होईपर्यंत ती भेग आमच्या डोळ्यांदेखत वीतभर वाढली. नंतर तो भाग कापला, तेव्हा थर कांद्याच्या पापुद्र्यांसारखे हाताने सुटले.

मालक आणि सुपरवायझर दोघांवरही निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा गुन्हा दाखल झाला. कोर्टात मी सगळं सांगितलं, सुपरवायझरने बाया वाचवायला मदत केली हेही सांगितलं. आपण काहीतरी चांगलं केलं, असं मनात होतंच. बाहेर आलो तर मेलेल्या मुलाचे वडील व्हरांड्यात उभे होते.

म्हणाले, "त्या टाकीले तुम्ही वाजोलं साहेब. माह्या पोराच्या टाकीले कोन्ही काहून वाजोलं नही?"

मी त्यांना धरून बाकावर बसवलं. आधी कोणीतरी मरावं लागतं, मगच आमची गाडी निघते, हे त्या बाकावर मला पुरतं कळलं.