ओरिजिनल गाडीचं खरं माप

तीन महिन्यांत तसलंच लांबलचक खोकं तीनदा आमच्या दारात आलं आणि तीनदा परत गेलं. दर वेळी उचलून आत घ्यायचं मी, आणि चिकटपट्टी लावून बाहेर ठेवायचं तेही मीच. माझी कंबर काय कुरिअरवाल्यांनी भाड्याने घेतलीय का...

असो. नमस्कार सगळ्यांना. फोनमध्ये बोलून टाइप करतेय, चौथी पास बाई आहे, काना-मात्रा इकडेतिकडे झाला तर चालवून घ्या.

आम्ही अबू धाबीला, मोहम्मद बिन झायद सिटीत राहतो. माझ्या मुलाने, नितीनने, दोन वर्षांपूर्वी एक जुनी अमेरिकन गाडी घेतली. माझ्या लग्नाच्या वेळची असेल. लांब नाक, दोनच दारं, मागे बसायचं तर माणसाची घडी घालावी लागते.

विकणारा आपलाच मराठी माणूस, दुबईच्या जुमेरा लेक टॉवर्समधला. म्हणाला, सगळं ओरिजिनल आहे. नितीनने ते वाक्य इतक्या जणांना ऐकवलं की मलाही पाठ झालं.

तर इंजिनातून धूर बाहेर नेणारा एक बिडाचा भाग असतो, त्याला तडा गेला. त्याच्या जागी आता हेडर बसवतात म्हणे... म्हणजे डावीकडे चार नळ्या, उजवीकडे चार, आणि त्या चार-चार पुढे जाऊन एकात मिळतात. त्या नसल्या तर गाडी अशी गुरगुरते की अख्खी गल्ली बाल्कनीत येते. पासिंग तर विसराच.

पहिल्या नळ्या स्टिअरिंगच्या पेटीला अडल्या. दुसऱ्या वेगळ्या कंपनीच्या मागवल्या, त्याही तिथेच अडल्या. तिसऱ्या वेळी मुसाफ्फाच्या गॅरेजमधला पठाण मेकॅनिक, आमचा उस्ताद, स्वतः घरी आला, तासभर गाडीखाली झोपला, आणि बाहेर येऊन मला म्हणाला, "अम्मा, पाइप अच्छा है, गाडी अच्छा है, दोनों का शादी नहीं होगा."

नितीन दर वेळी मुल्कियावरचं, म्हणजे इथल्या आरसी कार्डावरचं, गाडीचं नाव आणि साल टाकून मागवायचा. कार्डावर लिहिलंय ना, मग बसायलाच पाहिजे... नातीला म्हटलं, तुझ्या बापाला समजाव. ती कानातलं न काढता म्हणाली, "आजी, जस्ट लेट हिम बी."

गेल्या आठवड्यात आमच्या कंपाउंडच्या वॉचमनने काचेवर कागद चिकटवला. महिनाअखेरीपर्यंत गाडी चालू करून पासिंग आणा, नाहीतर टो करून नेतील. नितीन म्हणाला, "खलास, भंगारवाल्याला देतो." म्हणाला सहज, पण दोन दिवस धड जेवला नाही. ऑफिसात दिवसभर दुसऱ्याचं ऐकणारा माणूस... शनिवार-रविवार हात काळे करायला त्याला ही एकच जागा आहे, एवढं मला दिसतं.

मग परवा सकाळी ऊन चढायच्या आत मी माझी मापाची टेप घेऊन शेडमध्ये गेले. मी डोंबिवलीत तीस वर्षं ब्लाउज शिवलेत. बाईने तोंडाने बत्तीस सांगितलं म्हणून मी कधी कापडाला कात्री लावली नाही. आधी उभी राहा, हात वर कर, मग ठरवू काय ते.

नितीनला म्हटलं, फोनमध्ये त्या कंपनीचं चित्र काढ. त्यात इंजिनाची रुंदी दिली होती. अक्षरं मला अडखळवतात, इंच नाही.

टेपचं एक टोक त्याला धरायला लावलं. इंजिन चित्रापेक्षा पावणेदोन इंच रुंद.

त्याने टेप माझ्या हातातून घेतली आणि परत मोजलं. मग खालून मोजलं. पावणेदोन इंच काही कमी होईनात. म्हणजे बोल्ट बरोबर बसतात, पण नळ्या बाहेर सरकतात आणि स्टिअरिंगला भिडतात. आत कुणीतरी मोठं इंजिन टाकलंय. इंजिनावरचा नंबर वाचायला घासून बघितलं, तर तो गंजाने खाल्लेला.

नितीन रंगाच्या रिकाम्या डब्यावर बसला. मग हळूच म्हणाला, उस्तादने तडा बघायला आला त्या पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, इंजन दूसरा लगता है. म्हणजे तीन खोकी मी उचलली, ती याला ऐकायचं नव्हतं म्हणून...

मी म्हटलं, "तुझ्या बापाचे दात तरी कुठे ओरिजिनल होते? ऊस खायचा की नाही?"

हसला नाही. मग खिशातून पेन काढलं आणि म्हणाला, "आई, आकडे परत सांग. लिहून घेतो."

मला त्या गाडीचं कौतुक नाही, आधीच सांगते. माझी कढीपत्त्याची कुंडी तिच्यामुळे उन्हात गेली. पण माणसाने एकदा खरं माप कागदावर उतरवलं की पुढचं काम होतं, एवढं मला शिवणकामाने शिकवलंय.

आता मोठ्या इंजिनाच्या नळ्या वेगळ्या मिळतात, पण नक्की कुठलं इंजिन ते कळल्याशिवाय चौथं खोकं मी दारात येऊ देणार नाही. हातात अकरा दिवस आहेत.

तेव्हा कमेंटमध्ये हात जोडलेली चित्रं टाकू नका, सल्ले देऊ नका, आणि नितीन, तू तर बोलूच नकोस. ज्यांनी ही गाडी आम्हाला विकली ते गृहस्थ माझ्या लिस्टमध्ये आहेत, माझ्या प्रत्येक मोदकाला अंगठा देतात. आत कुठलं इंजिन घातलंत ते त्यांनीच सांगायचं, आजच्या आज. अंगठा चालणार नाही, लिहून.