एकावर एक पडलेल्या ओळी

गाडेअण्णा गेल्याला महिना होत आला. ते गेल्याची तार आमच्या नगरच्या तारघरात आली, तीही त्यांनीच वर्षानुवर्षं सांभाळलेल्या टेलिप्रिंटरवर. पुण्याच्या दवाखान्यातून त्यांच्या मुलाने ऑफिसच्या नावे केली होती. अक्षर न् अक्षर स्वच्छ, ओळीखाली ओळ नीट उतरलेली. तरी मी पुण्याला कळवलं, पुन्हा पाठवा. शेजारचे सहकारी माझ्याकडे बघतच राहिले...

अण्णा आमचे मेकॅनिक. राहात्याकडचे, शेतकरी घरातले. खिशाला पेनाऐवजी स्क्रू ड्रायव्हर. तीन वर्षांपूर्वी मी नोकरीला लागले तेव्हा मशीनवर बाई म्हणून मी एकटीच, त्यात प्रोबेशनवर. पुण्याचे ऑपरेटर मोठे तोऱ्याचे. पुन्हा पाठवा म्हटलं की 'नगरला चष्मा लागला का?' असं छापून यायचं. म्हणून मी विचारायचंच टाळत असे. मोठी शहाणी!

एका दुपारी नागापूरच्या एका कामगाराच्या नावे तार आली. मशीनमधला कागद पुढे सरकेना; पत्त्याच्या ओळीवरच मजकुराची ओळ छापली गेली. नुसता काळा गिचका, अक्षरावर अक्षर. त्यातून 'मदर', मग एक 'एस' आणि पुढे 'स्टार्ट' एवढंच दिसत होतं. असल्या तारा रोजच्याच. सवयीने माझ्या हाताने फॉर्मवर लिहूनही टाकलं: मदर सीरियस, स्टार्ट इमिजिएटली.

मशीन बघायला अण्णा आले. त्यांनी आधी गिचका पाहिला, मग माझा फॉर्म.

"ताई, ह्ये तुमी वाचलं का वळखलं?"

मी फॉर्म हाताखाली ओढला.

"मग इचारा की पुन्याला."

"अण्णा, ते हसतात हो. साहेबांच्या कानावर गेलं तर माझी नोकरी..."

"हसू द्या. हितं त्यो गडी रडत गावाकडं पळंल, त्येचं काय?"

त्यांनी रूळ हाताने फिरवत कागद सरकवून धरला आणि मी विचारलं. उत्तर आलं: मदर सेफ, स्टार्ट मंडे. त्या माणसाची आई सुखरूप होती! मला रडूच कोसळलं. अण्णांनी माझ्याकडे न बघता कागद सरकवणारा झिजलेला दाता काढला आणि साहेबांपुढे नेऊन ठेवला. "मशिनीचा दोष हुता, साहेब. ताईंनी येळेत पुन्याला इचारलं म्हनून बरं." चूक पकडली त्यांनी, नाव झालं माझं. पुढे मी नोकरीत कायम झाले, ती त्यांच्यामुळे. हे त्यांना कधी धड सांगितलं नाही, म्हणून आता लिहिते आहे.

तो काळा गिचका त्यांनी फाडून माझ्या हातात दिला होता. अजून माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. जरा शंका आली की त्याच्याकडे बघते आणि विचारते. हसणाऱ्यांना हसू देते. अण्णा गेल्याची तार आली त्या दिवशी तर शंकेला जागाच नव्हती, तरी विचारलं. पुण्याचा ऑपरेटर हसला नाही. त्याने पुन्हा पाठवलं... तेच शब्द, तितकेच स्वच्छ. अण्णा, त्या एका तारेपुरतं तरी माझं वाचणं चुकायला हवं होतं.