भरलं नाही, सुजलं

माझी बायको गिरजा कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवत नसे. दुधाचा थेंब आधी नखावर घ्यायची. तो घरंगळला की गवळ्याला दारातच धारेवर धरायची. गवळी म्हणे, "वयनी, म्हैसच आणून बांधू का अंगणात?" ही म्हणे, "आण नं. पण तिले पाणी कोण पाजते, तेही सांग." मागच्या साली ती गेली. आता दूध कसंही येतं, मी पितो.

तेव्हा इंग्रजाचं राज्य होतं. मी इतवारीच्या बाजारात हमाली करायचो. गिरजाला सातवा लागला आणि सुईण पोटाला कान लावून म्हणाली, दोन आहेत. ओटी भरायच्या दिवशी कासारीण हिरव्या बांगड्या घेऊन आली, तर नेहमीचं माप चढेना. ती म्हणाली, "हात भरला वं लेकीचा! दोघं हायेत, भरनच." बायका हसल्या. कासारणीने मोठं माप चढवलं.

गिरजा हसली नाही. थोड्याच दिवसांत तेही माप रुतलं. तिने नडगीवर अंगठा दाबून मला दाखवलं. खड्डा पडला, तो वर येईना. "अजी, हे मांस नाही. मांसात असा खड्डा राहते का?" पण आमच्यात पोटुशीला सुजली म्हणत नाहीत, अभद्र असतं. भरली म्हणतात. त्या एका शब्दावर सगळं घर निश्चिंत होतं.

मग तिचं डोकं ठणकायला लागलं. डोळे मिटले तरी पुढे काजवे. माझ्या आईने मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. "पोटात जावळे असले का नजर लागते वं पोरी."

"आत्याबाई, नजर लागली त बांगडी काहून रुतून राहिली?"

"भरली हायेस तू."

"भरलं नाही, सुजलं."

एवढं बोलून ती पाट्याजवळ बसली आणि वरवंट्याने दोन्ही हातांच्या बांगड्या फोडल्या. आई किंचाळली, "रांडे, नवरा जिता हाय नं तुहा!"

"जिता हाय म्हणूनच टांगा आणायले सांगून राहिली. उठा नं अजी."

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईने तिचे हातपाय दाबून पाहिले, डोकं कधीपासून दुखतं विचारलं आणि मलाच झापलं. "पोटात दोघं असली की हे जास्त होतं. हात-तोंड सुजलं, डोकं दुखलं, डोळ्यांपुढे काजवे आले, की घरी बसायचं नसतं. आकडी आली असती तर बाईही हाती लागली नसती." उजेडाने आकडी येऊ नये म्हणून गिरजाला अंधाऱ्या खोलीत ठेवलं. पोरी अपुऱ्या दिवसांच्या झाल्या.

नर्सने एक आणून तिच्या कुशीत दिली. "दोघी बऱ्या आहेत."

"दुसरी?"

"निजली आहे."

"निजली असन त निजलेलीच दाखवा."

नर्स माझ्याकडे पाहू लागली. मी म्हटलं, आणा. तिने फडक्यात गुंडाळलेली दुसरी आणली. गिरजाने फडकं सारून तिच्या नाकाशी बोट धरलं. बराच वेळ धरलं. मग कुशीतली जिती पोर उचलून तिच्याशेजारी ठेवली.

"राहू द्या घडीभर. आतमधी जवळच होत्या."