न आलेल्या गाडीची शिट्टी

"शिट्टी झाली म्हणतोस, तर गाडी दाव की मला. कुटं गेली ती गाडी?"

भारतचं हे बोलणं मी होटगीच्या रेल्वे क्वार्टरांमागच्या भिंतीआडून ऐकलं, त्याला पस्तीस वर्षं होऊन गेली. भिंतीच्या अलीकडे मी सुपात ज्वारी निवडत बसले होते. पलीकडे नळ होता आणि नळावर हे दोघं.

"गाडीचं मला काय म्हाईत? मी ऐकली ती सांगतो." हा निंगप्पा.

"समद्या पटांगणात तुला एकट्यालाच ऐकू आली?"

"माजा कानच तसा हाय. म्हणून तर मला शिट्टीवर ठिवलाय."

"कानाचं नगं सांगू, निंग्या. जागा एक होती आन आपुन दोघं होतो. हे तुज्या कानाला बी ठाऊक होतं."

मग भारतच्या कुबडीचा आवाज टकटक करत रस्त्याकडे गेला. घागर भरून वाहायला लागली तरी कुणी उचलेना, तेव्हा मी उठले आणि जाऊन नळ बंद केला. पाणी आठवड्यातून तीनच दिवस यायचं, भांडणापायी ते वाया घालवणं मला बघवेना. निंगप्पा तिथंच उभा होता.

"अक्का," तो म्हणाला, "तुमचं घर पटांगणाला लागून. त्या दिवशी तुमी ऐकली आसंल की शिट्टी."

"रुळाकाठी राहणाऱ्याला शिट्टी ऐकू येत नाही बाबा," मी म्हणाले. "बंद पडली तरच कळतं."

एवढं बोलून मी सुपाकडे परतले. त्याला हवं होतं ते 'व्हय' मला म्हणता आलं नाही. का, ते सांगते.

निंगप्पा म्हणजे अक्कलकोटकडचा. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि चिडला की दोन्ही एकदम. अंगानं ताडमाड, पण पायांत पाय अडकेल असं चालणं. लाइनीवर रोजंदारीला गँगमध्ये लागला होता. गँगचं काम असं, की दहा-बारा माणसं रुळावर वाकून खडी ठोकतात आणि एकजण लांब बघत उभा राहतो. गाडी आली की त्यानं शिट्टी मारायची, हात वर करायचा, आणि सगळ्यांनी पहार-फावडी उचलून बाजूला व्हायचं. का, कुठली गाडी, किती लांब, काही विचारायचं नाही. ज्यानं विचारलं तो राहिला नाही, असं आमच्याकडे म्हणत. निंगप्पाच्या कानाला रूळ बोलायचे म्हणून हे काम त्याच्याकडे होतं.

ह्याच गँगमधली माणसं संध्याकाळी फुटबॉल खेळत. सोलापूर जिल्ह्यात क्रिकेट सोडून दुसरं काही खेळणारी माणसं म्हणजे एकतर पैलवान नाहीतर रेल्वेवाले. निंगप्पा बॅकला खेळायचा, म्हणजे आपल्या गोलच्या पुढं आडवा उभा राहणारा. त्याच्या दोन्ही बाजूंचे बॅकही त्याच्याच गँगचे. आणि मागं गोलमध्ये भारत. हा मंद्रूपचा, शेतकऱ्याच्या घरचा, आमच्याकडे स्टोअरला खलाशी, म्हणजे सामान उचलणारा मदतनीस होता, तोही रोजंदारीवरच. दोघं एका ताटात जेवायचे. निंगप्पाच्या बायकोनं, बसव्वानं, भारतसाठी म्हणून चटणीत लसूण जास्त घालायची सवय लावून घेतली होती.

त्या वर्षी साहेब आले आणि म्हणाले, खेळाडूंमधला एक माणूस कायम घ्यायचा आहे. सोलापूरच्या गिरणीवाल्यांशी सामना होता, तो बघून ठरवणार. सगळं पटांगण जाणून होतं, की घेतील तर ह्या दोघांतल्या एकाला.

खेळ बरोबरीत चालला होता. मी दारात उभी राहून बघत होते. गिरणीवाल्यांचा एक पोरगा बॉल घेऊन सुटला. निंगप्पा त्याच्या समोर होता, आणि त्याच्या पुढून कुणी गेलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. तेवढ्यात त्यानं मान लाइनीकडे वळवली, हात वर केला आणि दोन पावलं बाजूला झाला. हात दिसताच दोन्हीकडचे बॅकही बाजूला झाले. पटांगणाच्या मधोमध तिघंजण अशी वाट देऊन उभे, जणू आता मेल जाणार. मेल आली नाही. तो पोरगा मात्र आला. एकटा भारत पुढं धावला, खाली पडून बॉल धरला, आणि पोराचा बूट त्याच्या गुडघ्यावर पडला.

बॉल त्यानं सोडला नाही. गोल झाला नाही. दवाखान्यात नेतानाही बॉल पोटाशी होता म्हणतात.

गुडघा पुन्हा वाकला नाही. वाकला नाही म्हणजे मेडिकल नाही, आणि मेडिकल नाही म्हणजे नोकरी नाही. निंगप्पाला कायम केलं.

आमचे मालक त्या दिवशी सांध्यावर ड्यूटीला होते. गाड्यांच्या वाटा बदलणारे तेच. ज्वारीची भाकरी मोडता मोडता ते मला एवढंच म्हणाले, "त्या वेळेला लाइन मोकळी होती. इंजन नाय, मालगाडी नाय, काय नाय." आणि पुढं म्हणाले, "हे कुणाला सांगू नगंस." मी सांगितलं नाही. म्हणून नळावर माझ्या तोंडून 'व्हय' निघालं नाही, आणि 'न्हाय'ही निघालं नाही.

पुढं निंगप्पा खेळायचा थांबला. पाय चांगले होते, वय चांगलं होतं. पण इंजिन ओरडलं, की पटांगणाच्या मध्यात त्याचा उजवा हात आपोआप वर जायचा. बसव्वा सांगायची, दुपारी जेवून जरा आडवे झाले तरी हात हळूच वर जातो आणि वरच राहतो. ती तो खाली करून चादरीखाली दाबून ठेवायची. "ह्यांच्या हाताला मी राखण बसते अक्का," म्हणायची, आणि हसायची. ते हसणं मला बरं वाटायचं नाही.

कायम झाल्यावर त्याला गँगमधून काढून ऑफिसात शिपाई केलं. त्यानंच मागून घेतलं. शिट्टीवर उभा राहणार नाही म्हणाला. आणि मग टीमचा मॅनेजर झाला. मॅनेजर म्हणजे कोण, तर चुन्यानं रेघा मारणारा, जर्सी मोजणारा, नारळ आणणारा आणि हरल्यावर शिव्या खाणारा. ते सगळं त्यानं तीस-बत्तीस वर्षं केलं.

शिकवायचा ते एकच. "शिट्टी होऊ दे, आभाळ फाटू दे, पंच बेशुद्ध पडू दे. तू थांबायचं न्हाय. आन हात वर करायचा न्हाय." पोरांना हात पाठीमागं बांधून बॅक खेळायला लावायचा. बाहेरगावची माणसं हसायची. "आली रे आली, कैद्यांची टीम आली," म्हणायची. पण ह्या कैद्यांनी जिल्ह्याची ढाल चार वेळा आणली. पंचानं खरोखर शिट्टी मारलेली असतानाही ही पोरं खेळतच राहायची आणि त्यापायी ताकीद खायची, हा भाग वेगळा.

आमचा नातू अभिमन्यू मोबाईलवर इंग्लंडचे सामने बघतो. एकदा मला दाखवायला आला. तिथंही बॅकचे गोरे गोरे गडी हात पाठीमागं धरून उभे. "आजी, ह्यांनी निंगप्पाआजोबांचं चोरलं," म्हणाला. त्यांचा एक मॅनेजरही दाखवला, तोही आधी बॅकलाच खेळायचा म्हणे. कोट घालून रेघेबाहेर उभा होता, तोंडात च्युइंगगम. मी बघितलं, तर तो माणूसही टीमकडे कमी आणि लांब कुठंतरी जास्त बघत होता. बॅकला खेळलेल्या माणसांचं हे असंच असावं. पुढं गेलेल्याला गोल आठवतात, मागं उभ्या राहिलेल्याला निसटलेला माणूस.

भारत पडला त्या सिग्नलकडच्या गोलमध्ये उभं राहायला पोरं नाखूश असायची. भुताटकी वगैरे काही नव्हती. पण सामना रंगात आला, की निंगप्पा रेघेवरून त्या गोलकडे बघत राहायचा, आणि हळू आवाजात कुणालातरी सांगायचा, "पुढं येऊ नगं. थांब. मी हाय." गोलमधल्या पोराला वाटायचं आपल्याला सांगतात, म्हणून तो थांबायचा आणि गोल खायचा. मग निंगप्पा त्याच्यावरच ओरडायचा, पुढं का आला न्हाईस म्हणून.

मधे एक वर्ष नव्या कमिटीनं त्याला काढलंही. नंदीश नावाचा पोरगा सेक्रेटरी झाला होता, तो म्हणाला, "काका, आता सगळं शास्त्रशुद्ध करायचंय." निंगप्पा म्हणाला, "करा की." टीम लागोपाठ पाच सामने शास्त्रशुद्ध हरली. सहाव्याच्या आधी नंदीश दारात आला. बसव्वानं त्याला चहा दिला, पण आत बोलावलं नाही.

त्या वर्षातही निंगप्पाचं एक काम चालू होतं, ते म्हणजे बॉल. बॉलची हवा जायची, शिवण उसवायची. होटगीत पंक्चरची दोन दुकानं आहेत. पण निंगप्पा जाळीत बॉल भरून माणसं कोंबून नेणाऱ्या वडापच्या जीपनं मंद्रूपला जायचा. तिथं बाजाराच्या रस्त्याला भारतचं सायकल-पंक्चरचं दुकान होतं. भांडणानंतर चार वर्षांनी तो पहिल्यांदा गेला, आणि भारतनं न बोलता बॉल घेतले. हवा भरली, टाका घातला, एकेक बॉल दोनदा आपटून दोन्ही हातांनी छातीशी धरला, आणि जाळीत ठेवला. तेव्हापासून महिन्यातून दोन फेऱ्या. जाताना एकजण म्हणणार, "बॉल." येताना दुसरा म्हणणार, "झालं." तीस वर्षांत ह्या दोन शब्दांवर तिसरा चढला नाही.

एकदा मी त्याला विचारलं, "अरे, कशाला जातोस? तो बोलत नाही तर?"

"एकदा तरी म्हनंल की अक्का."

"काय म्हणेल?"

"शिट्टी झाली आसंल म्हनंल. 'झाली' न्हाई म्हनला तरी चालंल. आसंल तरी म्हनू दे."

एवढंच त्याला पाहिजे होतं. ढाली आल्या, पेन्शन आली, लेकींची लग्नं झाली, पण हे 'असेल' काही आलं नाही. मला गप्प राहणं जड झालं होतं. मालक जाऊन बारा वर्षं झाली, आता ती शपथ कुणासाठी पाळायची, असंही मनात यायचं. पण सांगून काय करणार? त्याच्या हातात होती तेवढी एक शिट्टी, तीही काढून घेऊ?

गेल्या माघात माझ्या भाचीच्या लेकराचं बारसं मंद्रूपला होतं. निंगप्पा जाणारच होता, म्हणून मी त्याच्याबरोबर निघाले. तो वाळला होता. जाळीत तीनच बॉल, तरी दोनदा हात बदलला. दुकानापाशी उतरलो, तेव्हा भारत एक पाय लाकडासारखा समोर ताठ करून ट्यूब पाण्यात बुडवत बसला होता. मला ओळखलं. "या वैनी, बसा," म्हणून बाकडं पुसलं.

"बॉल," निंगप्पा म्हणाला.

भारतनं पहिला बॉल घेतला. पंप लावला. मग निंगप्पा एकदम खाली बसला, मातीतच, त्याच्या समोर.

"भारत, गाडी नव्हती."

पंप चालू राहिला.

"मालकांनी मला त्याच दिवशी सांगितलं होतं," माझ्याकडे बोट करून तो म्हणाला, "ह्या अक्कांच्या मालकांनी. सांध्यावर तेच होते. लाइन मोकळी होती म्हनले. मला पैल्यापासून ठाऊक हाय."

मला गप्प राहायला सांगून मालकांनी त्याला सांगितलं होतं. म्हणजे इतकी वर्षं मी त्याच्यापासून जे लपवत होते, ते त्याच्या खिशातच होतं.

"मग?" भारत म्हणाला. तीस वर्षांत 'झालं' सोडून त्यानं निंगप्पाला म्हटलेला हा पहिला शब्द.

"मग काय. मला ऐकू आली हे बी खरं. गाडी नव्हती हे बी खरं. जागा एक होती, हे बी मला तवा ठाऊक होतं. त्यातलं हात कशानं वर केला, मला सांगता येत न्हाय. लई शोधलं मी. घावत न्हाय."

भारतनं बॉल आपटला, एकदा, दोनदा, आणि छातीशी धरला. धरून तसाच राहिला. रस्त्यानं एक ट्रॅक्टर गेला, ऊस सांडत.

"म्हंजे," तो म्हणाला, "इतकी वर्सं तू मला नसल्याली गाडी सोदायला लावलीस."

"व्हय."

"मी सोदली की रं. टेशनात जाऊन दोनदा इचारून आलो. म्हनलं मालगाडी असंल, टायमात नसंल. तुजं खरं निघू दे म्हनलं."

मी पदर तोंडाला लावून उसाच्या ट्रॅक्टरकडे बघत राहिले, तो केव्हाच गेला होता तरी.

भारतनं राहिलेले दोन बॉलही भरले. तिसऱ्याला उलटासुलटा करून बघितलं. "ह्याचा ब्लॅडर गेलाय. हवा महिनाभर बी टिकायची न्हाय," म्हणाला. "फुडल्या खेपंला नवा आन. सोलापुरातनं आन, हितं चांगला मिळत न्हाय." मग जाळीचं तोंड बांधून ती पुढं केली. "झालं."

पुढची खेप झाली नाही. त्याच आठवड्यात निंगप्पा गेला. जेवून आडवा झाला तो उठला नाही. लिंगायतांच्या रीतीनं त्याला बसवून नेलं. बसव्वानं त्याचे हात मांडीत ठेवले होते, आणि ते तिथंच राहिले. मंद्रूपहून भारत आला होता. काठी टेकत लाइनीच्या कडेनं चालला.

पण मला सांगायचं आहे ते त्या बारशाच्या दिवसाचं. बारसं आटपून आम्ही उन्हं उतरताना होटगीला परतलो. जीपमधून उतरल्यावर मी म्हणाले, "आता घरी जा, बॉल उद्या ठेव." तो म्हणाला, "आलोच की अक्का," आणि पटांगणाकडे गेला. टीमच्या सामानाच्या खोलीचं कुलूप काढलं. जाळी खिळ्याला अडकवली. चुन्याच्या डब्यात किती चुना आहे ते झाकण उघडून बघितलं. ब्लॅडर गेलेल्या बॉलला कळावं म्हणून सुतळीचा तुकडा बांधला. कुलूप लावून दोनदा ओढून पाहिलं, किल्ली नेहमीसारखी टीममधल्या शिवूच्या आईच्या खिडकीत ठेवली, आणि तिला सांगितलं, "रविवारी आठला. जर्सी धुवून ठिव म्हनावं पोराला."