इथं डीएनए मोजतात, बांध नाही

कुठल्याही लॅबमध्ये चार-पाच वर्षं काढली की दोन गोष्टी साठतात. रिकाम्या बाटल्या आणि किस्से. बाटल्या भंगारवाला नेतो. किस्से कुणी नेत नाही, म्हणून मी ते तुमच्या डोक्यावर ओतते.

आमची लॅब गारखेड्यात. माणसं तीन. जाधव मॅडम डॉक्टर, मी टेक्निशियन आणि रशीदचाचा अटेंडंट. काम सांगायला एकदम सोपं. तोंडात पांढरा चट्टा असलेला पेशंट येतो. बारीक ब्रशनं चट्ट्यावरच्या पेशी खरवडून काचेवर घ्यायच्या. त्यांना असा रंग द्यायचा की डीएनए जितका जास्त, तितकी पेशी गडद. मग मायक्रोस्कोपवरचा कॅमेरा फोटो काढतो आणि कॉम्प्युटर एकेका पेशीचा गडदपणा मोजतो. एखादीत डीएनए फारच जास्त निघाला, तर कॅन्सरची शंका घ्यायची आणि पुढं चट्ट्याचा तुकडा कापून तपासायचा. झालं!

सांगायला सोपं म्हटलं ना मी? सोपं आहे ते सांगणंच.

*

सुरुवातीला दारावर पाटी लावली होती, ‘डीएनए मोजणी कक्ष’. शब्द माझा. मला त्याचा फार अभिमान होता.

तिसऱ्याच आठवड्यात गंगापूरकडचे एक काका आले. पांढरं धोतर, काखेत पिशवी. दोन तास निमूट बसले. नंबर आल्यावर मी खुर्चीत बसवलं, तोंडावर लाइट मारला आणि म्हटलं, “आ करा.”

त्यांनी केला. मी गाल ओढून आत बघतेय, जीभ उचलून बघतेय. कुठं चट्टा नाही, काही नाही. तोंड एकदम साफ!

शेवटी त्यांनीच माझा हात बाजूला केला. पिशवीतून सातबारा आणि नकाशा काढून माझ्या मांडीवर ठेवला. म्हणाले, “बाई, तोंड कशाला तपासता? मी खोटं बोलत नाय. बांध त्या शेजाऱ्यानंच कोरलाय!”

पाटी दुसऱ्या दिवशी उतरवली.

*

पेशंटला फोनवर तीनदा सांगतो आम्ही. येताना काही खाऊन येऊ नका, तंबाखू नको, पुडी नको, चूळ भरून या.

एका सकाळी एकाची काच कॅमेऱ्याखाली ठेवली आणि कॉम्प्युटर वेडा झाला. साध्या पेशीच्या चौपट डीएनए, आठपट डीएनए, एकीत तर चाळीसपट! असलं काही मी जन्मात पाहिलं नव्हतं. मॅडमना हाक मारली. त्यांनी डोळा लावला, दोन मिनिटं बघितलं आणि शांतपणे म्हणाल्या, “संगीता, ही पेशी नाही. हे सुपारीचं खांड आहे.”

पेशंट बाहेरच बसला होता. मी तणतणत गेले. “तुम्ही तर म्हणालात पुडी सोडली!”

“सोडली ना मॅडम! आईशप्पथ सोडली!”

“कधी?”

“आत्ता. गेटवर.”

*

मग ते दुपारचं प्रकरण. महिनाभर छळलं त्यानं!

सकाळी मोजलेल्या काचा ठीक यायच्या. तीच काच चार वाजता ठेवली की प्रत्येक पेशीतला डीएनए कमी! आम्ही रंग बदलला, काचा बदलल्या. कंपनीचा इंजिनिअर पुण्याहून येऊन गेला. तो दुपारी एकला आला आणि तीनला परत गेला, त्यामुळं त्याला सगळं उत्तम दिसलं. “मॅडम, मशीन परफेक्ट आहे,” म्हणाला. म्हणजे आम्हीच बिनकामाच्या!

एके दिवशी मॅडम चिडून मशीनसमोर खुर्ची टाकून बसल्या. म्हणाल्या, “आज मी हलणारच नाही.”

चार वाजले. रशीदचाचा चहा घेऊन आले. कप ठेवले आणि रोजच्यासारखा खिडकीचा काळा पडदा सरकवला. पश्चिमेचं ऊन थेट मशीनवर! बाहेरचा उजेड आत घुसला की फोटो फिका आणि फोटो फिका की डीएनए कमी.

मॅडम किंचाळल्या, “चाचा! रोज उघडता हा पडदा?”

चाचांना काहीच कळेना. “हां मॅडम. तुम लोगां दिनभर अंधेरे में बैठते, आँखां खराब होते ना! मैं बोला, चाय तो उजाले में पीने दो!”

मॅडमनी कपाळाला हात लावला. पण खरं सांगू? महिन्याभरात आमच्या डोळ्यांचा विचार करणारा तो एकच माणूस होता. आता चहा आम्ही बाहेर व्हरांड्यात पितो.

*

दुसऱ्यांचंच कशाला सांगू, माझंही ऐका.

रंग देण्याआधी काचा ॲसिडमध्ये ठेवाव्या लागतात. तासभर, मोजून. जास्त झालं की डीएनएच विरघळून जातो. मी काचा ठेवल्या आणि बहिणीचा फोन आला. तिच्या लग्नाच्या साड्या, होणाऱ्या जावेचा रुसवा, आईचा गुडघा. फोन ठेवला तेव्हा अडीच तास झाले होते.

तरी मी गुपचूप रंग दिला. वाटलं, निभेल. मॅडमनी स्क्रीनवर बघितलं. काचभर नुसत्या फिकट सावल्या!

“संगीता,” त्या म्हणाल्या, “ही माणसं आहेत का भुतं?”

सहा पेशंटना मला पुन्हा बोलवावं लागलं. सहाही जणांना मी स्वतः फोन करून चूक माझी म्हणून सांगितलं. पाच जण नुसते ओरडले. सहावा म्हणाला, “ताई, बहिणीचं लग्न झालं का नीट?” मॅडमनी त्याला आधीच सगळं सांगून ठेवलं होतं!

*

लासूर स्टेशनहून एक आजी आल्या. इकडं-तिकडं बघत रुमालाची गाठ सोडली. आत दुधाचा दात!

“नातवाचा हाय. डीएनए करा. सुनेला कळू देऊ नका.”

मॅडमचा चेहरा बघण्यासारखा झाला. “आजी, इथं डीएनए किती आहे ते मोजतात. कुणाचा आहे ते नाही. आणि असं चोरून करायचं नसतं. सुनेवर संशय आहे का तुमचा?”

“व्हय.”

“नातू दिसतो कुणासारखा?”

“दिसतो हुबेहूब माझ्या लेकासारखा. नाक तेच, चाल तीच.”

“मग संशय कशाचा?”

आजी पुढं झुकल्या. “अहो, दर वर्षी पहिला नंबर काढतंय पोरगं! आमच्या खानदानात कुणीच काढला नाय!”

*

आणि धोंडीतात्या. तात्या आता दर तीन महिन्यांनी हसत तपासायला येतात, म्हणून हे सांगवतं. तेव्हा आम्हाला रडू यायचं बाकी होतं.

तात्या मेंढ्या राखतात. गालात चट्टा होता. ब्रश करून गेले आणि रिपोर्ट वाईट आला. मी फोन केला, लगेच या. म्हणाले, आज कातरणी आहे. पुन्हा केला. एक मेंढी व्यायला झालीय. तिसऱ्यांदा केला. कळप वैजापूरकडं निघालाय. चौथ्यांदा मी ओरडलेच, “तात्या, मेंढ्या महत्त्वाच्या का तुम्ही?”

तात्यांनी जरा विचार केला. “मेंढ्या.”

शेवटी मावशींनी, त्यांच्या बायकोनं, त्यांना दंडाला धरून आणलं. तात्या खुर्चीत बसले, पण ऐकायला तयार नाहीत. “मला दुखत नाय, खुपत नाय. भाकर खातो. काहून कापायचं?” मॅडमनी अर्धा तास समजावलं. मावशी पदर तोंडाला लावून रडत होत्या. तात्या भिंतीकडं बघत होते.

मॅडम थकल्या. म्हणाल्या, “संगीता, यांची काच लाव. बघू देत स्वतःच.”

मी लावली. स्क्रीनभर जांभळट ठिपके, दीडशे तरी असतील. कॉम्प्युटरला मोजायला सांगितलं आणि तो नेहमीप्रमाणं गोल गोल फिरत बसला.

तात्या उठून स्क्रीनजवळ गेले. डोळे बारीक करून एकेक ठिपका बघितला. मग स्क्रीनवर बोट ठेवलं.

“ही. ही. आन् ती कोपऱ्यातली. ह्या इथल्या नायत.”

मॅडम माझ्याकडं बघायला लागल्या. तेवढ्यात कॉम्प्युटर जागा झाला आणि त्यानं बिघडलेल्या पेशींभोवती लाल गोल काढले. त्याच तीन. आणि चौथी एक.

“तात्या, तीन बरोबर ओळखल्या,” मॅडम हळूच म्हणाल्या. “ही चौथी राहिली.”

तात्यांनी मान हलवली. “ती नाय. त्या दोन हायेत. एकमेकीला चिकटून उभ्या ऱ्हायल्यात.”

मॅडमनी फोटो मोठा केला. अजून मोठा केला. दोन होत्या, दोन्ही साध्या. कॉम्प्युटरनं दोघींचा डीएनए एकीचाच धरला होता.

त्यांनी चौथा लाल गोल पुसून टाकला. मावशींचं रडणं थांबलं होतं.

तात्या खुर्चीत येऊन बसले, टोपी नीट केली आणि म्हणाले, “बरं मग, ह्या तिघींना कधी काढायचं?”